एटीआर ७२ चे कॉकपिट : पडदे नवे, लिव्हर जुन्याच

उजवी_खुर्ची

एटीआर ७२-६०० या दोन पंख्यांच्या (टर्बोप्रॉप) प्रवासी विमानाविषयी कोणी लिहायला घेतले की पहिला परिच्छेद पाच पडद्यांवर खर्च होतो. ७२-५०० मध्ये कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक तेवढे पडद्यावर दिसत आणि मधल्या पट्टीत इंजिनांची काट्यांची घड्याळे रांगेने असत. २०११ मध्ये सेवेत आलेल्या ६०० मध्ये ती घड्याळे गेली आणि थेल्स कंपनीचे पाच मोठे पडदे आले. हे कौतुक योग्यच आहे. तथापि उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, खुर्चीत काही वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की या विमानातले जोखमीचे काम दोन खुर्च्यांच्या मधल्या पेडेस्टलवर चालते, आणि त्या पेडेस्टलची मांडणी १९८४ साली पहिल्यांदा उडालेल्या एटीआर ४२ पासून फारशी बदललेली नाही.

ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. डावीकडे इंजिनांची शक्ती ठरवणाऱ्या दोन पॉवर लिव्हर, त्यांच्या उजवीकडे पंखे आणि इंधन यांच्या दोन कंडिशन लिव्हर आणि त्यांना लागून फ्लॅपची, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या पट्ट्यांची, एकटी लिव्हर, असा तो क्रम आहे. कंडिशन लिव्हरला चार स्थाने आहेत : इंधन बंद, फेदर, ऑटो आणि १०० टक्के. हवेत असताना ती ऑटोवर राहणे अपेक्षित असते. ती फेदरवर नेली की पंख्याची पाती वाऱ्याला कड देऊन उभी राहतात, आणि इंजिन सुरू असूनही विमानाला ओढ मिळत नाही.

१५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळमधील पोखऱ्याला यती एअरलाइन्सच्या विमानात फ्लॅपऐवजी या दोन्ही कंडिशन लिव्हर फेदरवर गेल्या आणि विमानातील सर्व ७२ जणांचा मृत्यू झाला. माझा प्रश्न सरळ आहे. हा दोष मांडणीचा मानावा आणि उत्पादकाने या लिव्हरवर आणखी एखादा अटकाव बसवावा, की मांडणी ठीक असून आपल्या हातांची शिस्त कमी पडते आहे? या विमानावर काम करणाऱ्यांनी आणि पूर्वी पंख्याची विमाने चालवलेल्यांनी आपले मत मांडावे.

डार्टची_शिट्टी

मी ॲव्रो आणि फॉकर फ्रेंडशिप ही दोन्ही विमाने चालवली आहेत आणि आता निवृत्त आहे. रोल्स रॉइसच्या डार्ट इंजिनांना उन्हाळ्यातल्या उड्डाणासाठी पाणी आणि मिथेनॉल पाजावे लागे, फ्युएल ट्रिम हवेच्या तापमानानुसार हाताने लावावा लागे, आणि चाके टेकल्यावर पंखे ग्राउंड फाइन पिचवर, म्हणजे पात्यांच्या जमिनीवरच्या कोनावर, आणण्यासाठी आणखी एक कुलूप काढावे लागे. त्या मानाने तुमचे पेडेस्टल म्हणजे मोकळे अंगण आहे.

तरीही गल्लत होते, याचे कारण मला असे वाटते की आमच्या काळी प्रत्येक लिव्हर उड्डाणात वारंवार हाताखाली येत असे आणि तिचे वजन, तिची अडखळ हाताला पाठ असे. तुमची कंडिशन लिव्हर हवेत कधी हलतच नाही. जी वस्तू हाताला परकी आहे, तिच्यावर हात चुकून गेला तरी तो चुकल्याचे हाताला कळत नाही.

नॅरोबॉडी

मी एअरबस ३२० वर आहे, त्यामुळे माझा प्रश्न बाहेरच्याचा समजावा. आमच्याकडे इंजिनांचे मास्टर स्विच थ्रस्ट लिव्हरच्या मागे असतात आणि ते उचलल्याशिवाय हलत नाहीत. फ्लॅपची लिव्हर त्यांच्यापासून दूर आहे. शिवाय इंजिनांची शक्ती आपोआप सांभाळणाऱ्या ऑटोथ्रस्टमुळे थ्रस्ट लिव्हर क्लाइंबच्या खाचेत गेल्या की बहुतेक वेळा उतरेपर्यंत तिथेच राहतात. २०११ साली नवे कॉकपिट करताना एटीआरने असा ऑटोथ्रॉटल का दिला नाही, हे मला आजवर समजलेले नाही.

टॉर्क_सत्तर

नॅरोबॉडी, तुमच्या लिव्हर हलत नाहीत म्हणूनच तुम्हाला धाग्यांवर प्रतिसाद लिहायला वेळ मिळतो, असा आमच्या क्रू रूममध्ये समज आहे.

सह्याद्रीवरून

मी एटीआरवर कॅप्टन आहे आणि प्रशिक्षणाचेही काम करतो. प्रतिसाद लांबणार आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आधी नॅरोबॉडी यांच्या प्रश्नाला उत्तर देतो. एटीआरमध्ये ऑटोथ्रॉटल नसला तरी सगळी शक्ती वैमानिक मोजून मापून लावतो असेही नाही. पॉवर लिव्हर ठरलेल्या खाचेत ठेवायची आणि पॉवर मॅनेजमेंटची गोल कळ टेकऑफ, क्लाइंब किंवा क्रूझवर फिरवायची, मग इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण योग्य टॉर्क, म्हणजे पंखा फिरवणारा जोर, देते. क्रूझला, म्हणजे ठरलेल्या उंचीवर सरळ जाताना, पंख्याचा वेग आपोआप ८२ टक्क्यांवर येतो. लिव्हर खाचेतून निघते ती खाली उतरताना, आणि तेव्हापासून धावपट्टीपर्यंत वेग सांभाळणे हे पूर्णपणे हाताचे काम असते. पंख्याच्या विमानात शक्ती कमी केल्याबरोबर पंखाच ब्रेकसारखा वागतो, त्यामुळे हा हात सतत जागा ठेवावा लागतो. जळगावची धावपट्टी १,७०० मीटरची आहे आणि तिथे मे महिन्यातल्या दुपारी वेग पाच नॉट जास्त ठेवून चालत नाही.

आता पोखऱ्याविषयी. ते विमान ७२-५०० होते आणि २००७ साली ते किंगफिशरच्या ताफ्यात आले होते, म्हणजे आपल्यापैकी काहींनी ते चालवलेलेही असू शकते. काठमांडूहून अर्ध्या तासापेक्षा कमी वेळाचे अंतर, त्याच वैमानिकांची त्या सकाळची तिसरी फेरी, दोन आठवड्यांपूर्वी उघडलेला विमानतळ, डोंगरांच्या मधून १२ क्रमांकाच्या धावपट्टीकडे डोळ्यांनी पाहत घेतलेले वळण, अशी ती परिस्थिती होती. डाव्या खुर्चीतील कॅप्टन या विमानतळाची ओळख करून घेत होत्या आणि उजवीकडे प्रशिक्षक होते. फ्लॅप ३० अंश मागितले गेले, ते लावल्याचे उत्तरही मिळाले, परंतु फ्लॅप १५ वरच होते. पंख्यांचा वेग २५ टक्क्यांच्या खाली गेला आणि टॉर्क शून्याकडे निघाला.

डार्टकाका, तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी इथे असहमत आहे. छोट्या फेऱ्यांमध्ये कंडिशन लिव्हर हाताला परकी राहत नाही, उलट ती फार ओळखीची होते. दर फेरीला विमान थांबल्यावर ती फेदरवर जाते आणि निघताना ऑटोवर येते. सकाळपासून हीच हालचाल हाताने अनेकदा केलेली असली, की थकलेल्या मनाने एक आज्ञा दिली तरी हात सवयीची दुसरीच हालचाल पूर्ण करू शकतो. हे अनुमान माझे आहे, परंतु सिममध्ये (सरावाच्या सिम्युलेटरमध्ये) वैमानिकांचे हात पाहताना ते मला वारंवार पटत गेले आहे.

ब्रेक_नंबर_दोन

मी एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर आहे, त्यामुळे कॉकपिटमध्ये माझा वेळ बहुधा विमान जमिनीवर असतानाच जातो. लिव्हरच्या मुठींच्या आकाराबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मोठ्या प्रवासी विमानांच्या प्रमाणन-नियमांत मुठींचे आकारच ठरवून दिलेले आहेत : गिअरची, म्हणजे चाके वरखाली करण्याची, मूठ चाकासारखी आणि फ्लॅपची मूठ पंखाच्या तुकड्यासारखी. याचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. अमेरिकेची बी-१७ विमाने सुखरूप उतरल्यावर वैमानिक फ्लॅप उचलायला जात आणि चाके उचलून बसत, कारण दोन्हींच्या कळा एकसारख्या आणि शेजारी शेजारी होत्या. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने हे ओळखले आणि गिअरच्या कळीवर लहानसे रबरी चाक, तर फ्लॅपच्या कळीवर पाचरीचा तुकडा बसवून प्रश्न सोडवला. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या चुका म्हणून नोंदवलेले ४६० प्रसंग तपासले, तेव्हा एका लिव्हरऐवजी दुसरी हलवणे हा त्यातला फार मोठा गट निघाला.

म्हणून ‘शिस्त कमी पडली’ हे उत्तर मला अपुरे वाटते. मात्र आकार वेगळा असूनही पोखऱ्याला हात चुकलाच, हेही मान्य करावे लागते. एकट्या लिव्हरऐवजी मुठीत जोडी आली आहे, हे त्या गडबडीत हाताला सांगता आले नाही.

पावसाळी_ढग

मांडणीचा विचार करताना एटीआरच्या वैमानिकाची नजर एकाच वेळी कुठे कुठे असते, हेही पाहिले पाहिजे. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साधारण सोळा ते अठरा हजार फुटांवर असते आणि एटीआर त्याच उंचीवर ढगांतून जाते. डाव्या खिडकीबाहेरच्या छोट्या दांडीवर बर्फ धरते आहे का हे पाहायचे, आयसिंगचा हिरवा दिवा लागला की कमीत कमी वेगाची मर्यादा वाढली हे लक्षात ठेवायचे, आणि पंखांवरचे, बर्फ फोडणारे रबरी बूट फुगत आहेत याची खात्री करायची. १९९४ मध्ये अमेरिकेत रोझलॉनजवळ ७२-२१२ पडून ६८ जण गेले, त्यानंतर हे बूट मोठे करण्यात आले. ढगांतून बाहेर येईपर्यंत वैमानिकाचे अर्धे लक्ष बाहेरच्या दांडीवर असते, आणि त्यानंतर थोड्याच वेळात चिपीसारख्या ठिकाणी पावसात उतरणे येते. अशा वेळी हात न पाहताच लिव्हरकडे जातो.

शंकासुर

मी साधा प्रवासी आहे. सहा पात्यांचे दोन पंखे असलेल्या विमानात उन्हाळ्यात बसल्याबरोबर वारा का लागत नाही, हे कोणी सांगेल का?

ब्रेक_नंबर_दोन

शंकासुर, तुमची शंका विषयाला धरूनच आहे. जेट विमानांच्या शेपटीत असते तसे एपीयू हे लहान इंजिन एटीआरमध्ये नाही. वजन आणि खर्च वाचवण्यासाठी ते टाळले आहे. त्याऐवजी उजव्या इंजिनाला पंख्याचा ब्रेक आहे. पंखा जागच्या जागी धरून ठेवायचा आणि इंजिन चालवून त्यातून वीज व थंड हवा घ्यायची, याला हॉटेल मोड म्हणतात. प्रवासी मागच्या डाव्या दाराने चढतात, म्हणून हे काम उजव्या इंजिनाकडे दिले आहे. मागून वारा असेल तर धुराचा वास आत येण्याचा धोका असतो, आणि काही ठिकाणी विमानतळाचेच निर्बंध असतात. मग बाहेरून गार हवेची गाडी न आल्यास सगळेच घामाघूम होतात, आणि कॉकपिटमधल्या मंडळींना तर पुढच्या एवढ्या काचांमधून ऊन थेट डोक्यावर मिळते.

हॉटेल मोडमध्ये दोन नंबरची, म्हणजे उजव्या इंजिनाची, कंडिशन लिव्हर फेदरवर असते. म्हणजे जमिनीवर फेदर ही रोजची, निरुपद्रवी जागा आहे. सह्याद्रीवरून यांच्या अनुमानाला यातून पुष्टीच मिळते.

नॅरोबॉडी

मग उत्तर समोर आहे. मास्टर स्विचप्रमाणे कंडिशन लिव्हरही हवेत असताना उचलूनच मागे घेता येईल, असा भक्कम अटकाव बसवावा. यात वादाचा मुद्दा कोणता, हे मला कळत नाही.

सह्याद्रीवरून

वादाचा मुद्दा असा की ही लिव्हर हवेत कधीच हलवायची नसते, हे खरे नाही. इंजिनाला आग लागली किंवा ते बिघडले, तर त्या बाजूची कंडिशन लिव्हर फेदरवर आणि पुढे इंधन बंदवर न्यावी लागते, तीही बहुधा हादरे बसत असताना. अटकाव जितका घट्ट, तितका तो खऱ्या संकटात आडवा येणार.

दुसरे असे की अटकाव असला म्हणजे प्रश्न सुटला, असा अनुभव नाही. पंखे जमिनीवरच्या पिचवर हवेत जाऊ नयेत म्हणून प्रत्येक टर्बोप्रॉपमध्ये पॉवर लिव्हरला फ्लाइट आयडलपाशी, म्हणजे हवेतल्या किमान शक्तीच्या जागेपाशी, थांबा असतो. नोव्हेंबर २००२ मध्ये लक्झेंबर्गजवळ लक्सएअरच्या फॉकर ५० मध्ये वैमानिकांनी तो थांबा ओलांडला. त्याच्या मागे दुसरा, आपोआप काम करणारा अटकाव होता, परंतु चाके खाली सोडल्यावर ब्रेक लावताना चाके घसरू न देणाऱ्या अँटिस्किड यंत्रणेकडून आलेल्या संकेतामुळे तो काही सेकंद उघडा राहिला होता. २० जण गेले. फेब्रुवारी २००४ मध्ये शारजाला किश एअरच्या फॉकर ५० ला त्याच कारणाने अपघात झाला आणि ४३ जण गेले. अटकाव असावा, पण त्याच्या भरवशावर हात सोडून देता येत नाही.

डार्टची_शिट्टी

सह्याद्रीवरून यांचे छोट्या फेऱ्यांविषयीचे म्हणणे मी दोनदा वाचले आणि ते मला पटते. आमच्या विमानांत फेदर हे संकटातले काम होते; विमान उभे करताना ते रोज करण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती. जी हालचाल संकटासाठी राखून ठेवायची, तीच रोजच्या आवराआवरीत वापरली जाते, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

टॉर्क_सत्तर

चर्चा पोखऱ्यावरच अडकली आहे म्हणून तैपेईची आठवण करून देतो. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी ट्रान्सएशियाचे ७२-६०० उड्डाणानंतर सुमारे १,२०० फुटांवर असताना उजव्या बाजूच्या ऑटोफेदर यंत्रणेतील दोषामुळे उजवा पंखा आपोआप फेदर झाला. विमान एका इंजिनावर व्यवस्थित चढू शकत होते. कॅप्टनने डाव्या, म्हणजे चालू इंजिनाची पॉवर लिव्हर मागे घेतली, आणि पुढे तेच इंजिन बंदही केले. ४३ जण गेले.

हे नव्या पडद्यांचे विमान होते. कोणते इंजिन गेले हे पडद्यावर स्पष्ट दिसत होते. लिव्हरही डावी डावीकडे आणि उजवी उजवीकडे अशीच होती, म्हणजे मांडणीत गोंधळ होण्यासारखे काहीच नव्हते. इथे घाई आड आली. एटीआरमध्ये इंजिन गेल्यावर पंखा स्वतः फेदर होतो आणि दुसऱ्या इंजिनाची शक्ती आपोआप वाढते, ती याच कारणासाठी की वैमानिकाने त्या क्षणी लिव्हरला हात लावू नये, फक्त नाक सरळ धरावे. यंत्राने आपले काम केल्यावर माणसाने लगेच त्यावर आपले काम करून दाखवण्याची जी खुमखुमी असते, तिच्यावर कोणता अटकाव बसवणार?

पावसाळी_ढग

टॉर्क_सत्तर यांचा शेवटचा प्रश्न आवडला, परंतु त्यातून माणसालाच दोष देण्याकडे चर्चा पुन्हा झुकते आहे. त्या कॅप्टनच्या सिममधल्या तपासण्यांत इंजिन बंद पडल्यावरच्या हाताळणीविषयी आधीच शेरे होते, असे तपासात नोंदवले गेले आहे. घाई हा स्वभाव असेल, पण तो माहीत असताना पुढे जाऊ देणे हा व्यवस्थेचा निर्णय असतो.

ब्रेक_नंबर_दोन

आणि पडद्यावर सगळे दिसते, यावरही फार विसंबू नये. २००५ च्या ऑगस्टमध्ये तुनइंटर या विमान कंपनीच्या एटीआर ७२-२०२ वर एटीआर ४२ चा इंधनदर्शक बसवला गेला होता. दोन्हींचा आकार सारखा, जोडणीही सारखी. दर्शक भरपूर इंधन दाखवत राहिला आणि टाक्या रिकाम्या होऊन विमान सिसिलीजवळ समुद्रात उतरले; ३९ पैकी १६ जण गेले. ही चूक आमच्या खात्यातली होती, म्हणून सांगायला संकोच वाटत नाही. कॉकपिटमध्ये ती पकडता आली असती, जर भरलेल्या इंधनाचा कागद आणि दर्शकावरचा आकडा यांचा मेळ कोणी घातला असता.

उजवी_खुर्ची

इतके सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. मूळ प्रश्नाकडे येतो. मांडणी उद्या बदलणार नाही आणि अटकावालाही मर्यादा आहेत, हे मान्य केले, तर आज संध्याकाळच्या उड्डाणात माझ्या डाव्या हाताने वेगळे काय करावे?

सह्याद्रीवरून

आम्ही शिकवतो ते सांगतो. फ्लॅप मागितले की आधी वेग मोठ्याने वाचायचा, कारण ती मर्यादा पाहण्यासाठी नजर पडद्यावर जावीच लागते. मग नजर खाली लिव्हरवर आणायची आणि ती पाहूनच हलवायची. हात तिथून काढायचा नाही. दर्शकावर फ्लॅप मागितलेल्या अंशावर आल्याचे दिसले की मगच तोंडाने उत्तर द्यायचे आणि मग हात काढायचा. पोखऱ्याला उत्तर आधी बोलले गेले आणि दर्शक नंतर पाहिला गेला. मधल्या काळात दोघांचीही अशी समजूत राहिली की काम झाले आहे. मागणाऱ्याने सुद्धा ऐकलेल्या उत्तरावर न थांबता दर्शकाकडे एकदा पाहावे. फ्लॅप दिल्यावर विमानाचे नाक हलते, वेग उतरतो; तसे काहीच झाले नाही तर विचारावे. आणि वेगळ्या कारणाने शक्ती कमी वाटली तर पॉवर लिव्हर पुढे ढकलण्याबरोबरच टॉर्कचा आकडा वाचावा. टॉर्क शून्य आणि इंजिन मात्र फिरते आहे, याचा अर्थ पंख्याकडे पाहा असा होतो.

नॅरोबॉडी

हे सगळे पाळायला सेकंद किती लागतात? तुमच्याकडे शेवटच्या वळणावर तेवढे असतात का?

सह्याद्रीवरून

वळण लवकर सुरू केले तर असतात. नसतील तर फ्लॅप त्या वळणात मागायचेच नाहीत. आधी लावून घ्यायचे किंवा वर निघून पुन्हा यायचे. छोट्या विमानतळांवर पुन्हा फिरून आल्याबद्दल इंधनाचा हिशेब विचारला जातो, हे खरे आहे, पण तो कार्यालयात बसून देता येतो.

नवा_परवाना

माझा व्यावसायिक परवाना नुकताच झाला आहे आणि एटीआरचे टाइप रेटिंग, म्हणजे या विमानासाठीचे खास प्रशिक्षण, पुढच्या महिन्यात सुरू होते. सिम मिळण्याआधी घरी सराव व्हावा म्हणून पेडेस्टलचे खऱ्या मापाचे चित्र छापून खुर्चीशेजारी टेबलावर चिकटवले आहे. त्याचा उपयोग होईल का?

उजवी_खुर्ची

होईल. मीही तेच केले होते. खुर्चीची उंची खऱ्याइतकी ठेवा आणि दोन्ही बाजूंनी सराव करा, कारण डाव्या आणि उजव्या खुर्चीतून हात वेगवेगळा पोहोचतो.

सह्याद्रीवरून

चित्र क्रम पाठ करण्यापुरतेच वापरा. कागदावर प्रत्येक लिव्हर सारखीच गुळगुळीत लागते आणि हाताला न पाहता सरकण्याची सवय होते, ती सिममध्ये मोडून काढायला आम्हाला पुढे बराच त्रास होतो. कागदावर बोट ठेवण्याआधी नजर तिथे न्या आणि लिव्हरचे नाव मोठ्याने घ्या. घरातले हसतील, हसू द्या.